जास्वंद दरवर्षी त्याच महिन्यांत पिवळी का पडते? खत-औषध आणण्याआधी पान नीट बघा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून चार वेळा तोच फोटो येतो. मजला वेगळा, कुंडी वेगळी, पान मात्र तेच: पिवळं पडलेलं. बहुतेक वेळा जास्वंदीचं, कधी कढीपत्त्याचं, कधी मोगऱ्याचं. खाली प्रश्न, “काय घालू?” अर्ध्या तासात आठ उत्तरं. एकीचं ताक, दुसरीचा चहाचा चोथा, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं कांद्याच्या सालींचं पाणी. सगळे मनापासून सांगतात. आणि पंधरा-वीस दिवसांनी झाड खरंच सुधारतं, कारण तोवर हवाच पालटलेली असते. श्रेय ताकाला जातं आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तोच फोटो पुन्हा येतो.

मी मुलुंडला राहते. एका ज्युनियर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. स्लाइडी करायच्या, टाकीतली हायड्रिला ही पाणवनस्पती जिवंत ठेवायची, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ऱ्हिओ या जांभळ्या पाठीच्या झाडाची पानं शोधत फिरायचं, ही माझी कामं. त्यामुळे पिवळं पान दिसलं की कुंडीत काय कमी आहे याच्या आधी पेशीत काय चाललं असेल हे डोक्यात येतं. खरं सांगायचं तर ही सवय बाल्कनीत फार उशिरा कामी आली. पहिली चार-पाच वर्षं मीही डोळे मिटून युरियाच घालत होते. त्याची फळं भोगली, ते पुढे सांगते.

माझ्या वहीत मुंबईतल्या पानांचे रंग बदलायचे चार हंगाम आहेत: जुलै-ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर-जानेवारी आणि मार्च-एप्रिल. लांबून बघितलं तर चारही वेळा “पान पिवळं पडलं” एवढंच दिसतं. आत मात्र प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट घडलेली असते.

आधी पेशीत डोकावू

पानाच्या मधल्या थरातल्या एकेका पेशीत डझनांनी हरितलवकं, म्हणजे पानाला हिरवं करणारे बारीक कण, असतात. लांबी जेमतेम ५ ते १० मायक्रॉन, आकार भिंगासारखा. आत पातळ पडद्यांच्या चकत्या, भाकऱ्यांची चवड रचावी तशा एकावर एक. हरितद्रव्य या पडद्यांत बसलेलं असतं. त्याच्या शेजारीच पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडं असतात, बारा महिने, अगदी हिरव्यागार पानातही. हिरव्यापुढे ती दिसत नाहीत एवढंच. म्हणजे पान पिवळं “पडतं” तेव्हा पिवळं काही नवं आलेलं नसतं, हिरवं गेलेलं असतं. हे पटत नसेल तर हिरवं पान सर्जिकल स्पिरिटमध्ये चांगलं कुटा, चोथा खाली बसू द्या आणि वरच्या हिरव्या स्पिरिटमध्ये फळ्यावरचा पांढरा खडू उभा ठेवा. तासाभरात खडूवर हिरवा पट्टा आणि त्याहून वेगळा पिवळा पट्टा चढलेला दिसेल. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानातले रंग असेच खडूच्या भुकटीतून वेगळे केले होते.

आता पान म्हातारं व्हायला लागलं की काय होतं? रिडेव्हलपमेंटला गेलेली बिल्डिंग आठवा. बुलडोझर यायच्या आधी दारं जातात, खिडक्यांची ग्रिलं जातात, नळ जातात, भिंतीतल्या तांब्याच्या वायरी ओढून काढतात. वॉचमनची खोली आणि विजेचा मीटर मात्र शेवटपर्यंत चालू. पानाच्या पेशीत हाच क्रम असतो. हरितलवकातली चवड सैल होते, पडदे विरघळायला लागतात, त्यांतल्या स्निग्ध पदार्थांचे थेंब आत फुगत जातात. या अवस्थेतल्या लवकाला जेरोंटोप्लास्ट म्हणतात, म्हणजे म्हातारा लवक. पेशीचं केंद्रक आणि तंतुकणिका मात्र जवळपास शेवटपर्यंत शाबूत राहतात, कारण हे सगळं मोडकाम चालवायला हुकूम आणि ऊर्जा लागतेच.

मोडायचं कशासाठी, तर नत्रासाठी. पानातलं सुमारे तीन-चतुर्थांश नत्र हरितलवकांतल्या प्रथिनांत अडकलेलं असतं. झाड ते सुटं करून शेंड्याकडे, कळ्यांकडे, खोडाकडे परत नेतं. गंमत अशी की हरितद्रव्याच्या रेणूतही नत्राचे चार अणू असतात, पण ते झाड परत घेत नाही. प्रथिनांपासून सुटलेलं हरितद्रव्य उन्हात धोकादायक असतं, पेशी जाळू शकतं. म्हणून त्याच्या मध्यभागी बसलेला मॅग्नेशियमचा अणू आधी काढला जातो, मग रेणूचं कडं तोडलं जातं आणि उरलेला बिनरंगी ऐवज रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, टाकून दिला जातो. पानातलं हिरवं जातं कुठे हे बराच काळ कोडंच होतं. सातूच्या पानातून या बिनरंगी पदार्थाची रचना हाती लागली ती १९९१ साली. मेंडेलच्या वाटाण्यांत काही दाणे वाळल्यावरही हिरवेच राहायचे ना, त्यांच्यात हा मॅग्नेशियम काढायचा टप्पाच बिघडलेला असतो.

स्वयंपाकघरात हे रोज घडतं. अळूच्या फदफद्यात चिंच पडली की हिरवा रंग मळकट शेवाळी होतो. आंबटाने मॅग्नेशियम निघून गेलेला असतो.

एवढं कळलं की रंग बदलायची कारणं मी चार शब्दांत बसवते. मोडणं: झाड स्वतःच हिरवं काढून नेतंय. खोळंबणं: हिरवं बनतच नाहीये. होरपळणं: होतं ते उन्हाने जाळलं. आणि झाकणं: पेशीने वरून लाल पांघरूण घेतलंय. यांतल्या दोनांवर बहुतेक वेळा काही करायची गरज नसते.

ओळखायचं कसं? खालची, जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर मोडणं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर खोळंबणं. डाग फक्त उन्हाकडच्या अंगाला असतील तर होरपळणं. लाल-तांबूस, पण पान टवटवीत असेल तर झाकणं. जास्वंदीची तळाची दोन-तीन पानं कुठल्याही महिन्यात पिवळी होऊन गळतात, त्याचा फोटो टाकू नका. तो तिचा रोजचा व्यवहार आहे.

जुलै-ऑगस्ट: पाणी भरपूर, तरी झाड उपाशी

सगळ्यांत जास्त झाडं याच महिन्यांत जातात आणि सगळ्यांत जास्त चुकीचे उपायही याच महिन्यांत होतात.

सांताक्रूझच्या नोंदींप्रमाणे मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघड्या ग्रिलमधली कुंडी महिनाभर ओलीगच्च राहते. मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांना नत्र, लोह काहीच ओढून घेता येत नाही. त्यात पाण्यात विरघळणारं नायट्रेट भोकातून वाहून जातं ते वेगळंच.

आता एक बारकावा. पान पिकवणारा वायू इथिलीन. आंब्याच्या अढीत आंबे पिकतात तो हाच. गुदमरलेल्या मुळांत त्याचा कच्चा माल तयार होतो, पण शेवटच्या पायरीला ऑक्सिजन लागतो आणि तो तिथे नसतो. मग हा कच्चा माल रसाबरोबर वर चढतो, पानांत पोचतो, तिथे ऑक्सिजन मुबलक, तिथे त्याचं इथिलीन होतं. मुळाला त्रास खाली आणि निरोप पोचतो वर. खालच्या जुन्या पानांत मोडकाम सुरू होतं, देठाच्या बुडाशी पेशींचा सुटा थर तयार होतो आणि धक्का लागला की पान हातात.

आपण काय बघतो? पिवळी पानं. आपण काय म्हणतो? नत्र कमी पडलं. तेही खरंच आहे म्हणा. आणि आपण युरिया घालतो. मी घातला. एका वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, भर पावसात, मोठा चमचाभर, आणि चार दिवसांनी शेंडेही माना टाकून बसले. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटाने दाबली की साल निघून येत होती. ज्या मुळांना श्वास घेता येत नाही त्यांच्या तोंडात मी क्षार कोंबले होते. दुहेरी गुलाबी जास्वंद होती ती, सासूबाईंनी दादरहून आणलेली. त्या काही बोलल्या नाहीत, पण कुंडी बरेच दिवस रिकामीच ठेवली.

करायचं ते असं. कुंडीखालची ताटली जूनमध्येच काढून ठेवा, पाणी साचणार नाही आणि डासही होणार नाहीत. कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर उचला. तळाचं भोक मुळांनी किंवा मातीने बुजलेलं असतं, खालून जुना स्क्रूड्रायव्हर किंवा विणायची सुई घालून मोकळं करा. शक्य असेल तर कुंडी आतल्या बाजूला ओढा, पावसाचा थेट मार चुकवा. माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत सुकेपर्यंत खत नाही, पाणी नाही, ताक तर नाहीच. उघडीप मिळाली की आठ-दहा दिवसांनी पातळ खत, नेहमीच्या अर्ध्या मात्रेत. पूर्ण पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होतील अशी आशा ठेवू नका. तंबाखूच्या झाडाचा शेंडा छाटल्यावर खालची पिवळी पानं परत हिरवी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, म्हणजे म्हाताऱ्या लवकाला परतीची वाट असते. बाल्कनीतल्या ओल्या कुंडीत मला ती कधी दिसली नाही. नव्या पानांकडे बघा, ती हिरवी येत असतील तर झालं.

दुसरा प्रकार याच महिन्यांत दिसतो तो खोळंबण्याचा. शेंड्याची नवी पानं लिंबासारखी पिवळी, शिरांची जाळी मात्र हिरवी. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. लोह हरितद्रव्याच्या रेणूत नसतं, पण ते बनवण्याच्या एका पायरीला लागतं. आणि झाडाला जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देता येत नाही, म्हणून फटका कोवळ्यांना. याउलट मॅग्नेशियम कमी पडलं तर शिरांमधला पिवळेपणा जुन्या पानांत दिसतो, कारण मॅग्नेशियम झाड हलवू शकतं. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मी औषधं वाचतात.

“पण आपल्याकडे तर लाल माती, लोहच लोह!” हा प्रश्न मला दरवेळी येतो. लोह असतं, पण मातीत चुना असला तर ते मुळाला उचलता येत नाही. आणि मुंबईत चुना कुठून येत नाही? कुंडीत तळाला घातलेले डेब्रिजचे तुकडे, वरच्या मजल्याच्या दुरुस्तीतून पडलेला सिमेंटचा चुरा, गिलाव्याच्या भिंतीवरून ओघळलेलं पाणी. आमच्या बाजूची बिल्डिंग पाडून नवी उभी राहत होती त्या दोन वर्षांत आमच्या पश्चिमेकडच्या सगळ्या ग्रिलमधल्या झाडांचे शेंडे पिवळे होते.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे, दुकानात काही विचारायचीही गरज नाही. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार), थोडं लिंबू आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. कापसाच्या बोळ्याने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला लावा, संध्याकाळी. आठ-दहा दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला तर लोहच कमी होतं, मग तेच पाणी सगळ्या शेंड्यांवर फवारा. काही फरक पडला नाही तर हिराकस कपाटात ठेवा आणि मुळं बघा. फवारा हा तात्पुरता इलाज आहे. डेब्रिज काढून माती बदलल्याशिवाय पुढच्या पावसाळ्यात हेच होणार. आणि हिराकसाचे डाग फरशीवरून निघत नाहीत, हे आधी सांगायला हवं होतं.

जुन्या पानांत मॅग्नेशियमचं लक्षण असेल तर लिटरला चहाचा एक चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), महिन्यातून दोनदा. बस.

ऑक्टोबर: पावसात वाढलेली पानं उन्हात येतात

मुंबईतल्या दक्षिणेकडच्या बाल्कनीची एक खोडी आहे. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच. मधल्या काळात तो डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे जून-जुलैत ढग नसते तरी दक्षिणेकडच्या बाल्कनीत दुपारचं ऊन आलंच नसतं. मग तो दक्षिणेला सरकत जातो, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवर उतरतो आणि थेट हॉलच्या सोफ्यापर्यंत ऊन पोचतं. ऑक्टोबरमध्ये ढग जातात आणि ऊन आत शिरायला लागतं, दोन्ही एकाच वेळी.

पावसाळ्यात तयार झालेल्या पानांची लवकं मंद उजेडाच्या हिशोबाने बांधलेली असतात. चकत्यांची चवड उंच, हरितद्रव्याचा साठा जास्त, मिळेल तो उजेड टिपायचा. पेशीतली लवकं स्वतः हलतातसुद्धा. मंद उजेडात ती पेशीच्या वरच्या-खालच्या भिंतींशी पसरून बसतात, कडक उजेडात कडेच्या भिंतींना उभी चिकटतात, लोकलमध्ये गर्दी वाढली की माणसं अंग चोरून उभी राहतात तशी. पानावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून तासभर उन्हात ठेवलं आणि मग पट्टी काढली तर काही झाडांत झाकलेली जागा थोडी गडद दिसते, ती यामुळेच.

पण अंग चोरायलाही मर्यादा असते. ऊन पचनी पडेनासं झालं की जादा ऊर्जा ऑक्सिजनला चिकटते आणि तो ऑक्सिजन पडदेच जाळतो. मोडकामात असतो तसा क्रम इथे नसतो, काही परत नेलं जात नाही. म्हणून रंग लोणीपिवळा नसून फिकट पांढुरका आणि मग तपकिरी होतो. खूण पक्की आहे: एका पानावर दुसऱ्या पानाची सावली पडत असेल तर तेवढा आकार हिरवा राहतो, कडा कापल्यासारखी. असं दिसलं की खत नको, औषध नको. दोन आठवडे जुनी सुती ओढणी किंवा हिरवी शेडनेट बांधा, रोज थोडी वर सरकवा. भाजलेली सगळी पानं एकदम छाटू नका, त्यांचा हिरवा भाग अजून कामाचा असतो आणि खालच्या फांद्यांना सावलीही देतो. नवी पानं जाड आणि जरा फिकी येतील, ती उन्हासाठी बांधलेली लवकं. त्यांना काही होणार नाही.

याच सुमाराला नवरात्र असतं आणि घरोघरी घटाचं धान पिवळं उगवतं. त्याला कुणी रोग म्हणत नाही, दसऱ्याला ते तुरे टोपीत खोचून मिरवतात. तिथे हरितलवक अजून झालेलंच नसतं. अंधाऱ्या देवघरात लवकाच्या आत पडद्यांची चवड न रचता नुसती जाळीदार गाठ बांधून ठेवलेली असते आणि हरितद्रव्याची शेवटची पायरी उजेडाची वाट बघत थांबलेली. घट उठवल्यावर परडी खिडकीत ठेवा, काही तासांत हिरवी झाक येते, दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी हिरवं. नातवंडांना दाखवण्यासारखं आहे.

डिसेंबर-जानेवारी: बदाम लाल झाला, कढीपत्ता रुसला

शाळेच्या पटांगणातला, स्टेशनबाहेरचा, चाळीच्या अंगणातला देशी बदाम या दिवसांत लालभडक होतो. तो लाल रंग लवकांत नसतोच. तो अँथोसायनिन, रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला, आणि पिवळ्यासारखा आधीपासून दडलेला नसून या वेळी नव्याने बनवलेला. मरायला टेकलेल्या पानाने एवढा खर्च का करावा? सगळ्यांत पटणारं उत्तर असं की मोडकाम चालू असताना उघडी पडलेली लवकं उन्हाने जळू नयेत म्हणून वरून धरलेली ही ताडपत्री. नत्र परत नेऊन होईपर्यंत तरी वेळ मिळायला हवा. थंडीशी याचा संबंध जोडायला आपल्याकडे थंडी असतेच कुठे! इथे पानगळीला कोरडी हवा पुरते. बदाम काही ठिकाणी वर्षातून दोनदाही पानं झाडतो.

लाल पान गरम पाण्यात चुरगळा, पाण्याला रंग येतो. थोड्या पाण्यात लिंबू पिळा, गुलाबीकडे झुकेल. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाका, निळसर-मळकट होईल. पिवळ्या पानाचा रंग पाण्यात उतरत नाही, त्याला स्पिरिटच लागतं, कारण तो पडद्यांतल्या स्निग्ध भागात बसलेला असतो. कॉलेजात ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल काढून आम्ही मुलांना दाखवायचो, त्यात जांभळा रंग पेशीत पाण्यासारखा भरलेला दिसायचा. ते झाड मात्र बारा महिने जांभळं, त्याला ऋतूचं काही नाही.

या लालीवर काही करू नका. वाळलेली बदामाची पानं मासे पाळणाऱ्यांना द्या, टाकीत घालतात.

कढीपत्त्याची तक्रार खरी असते, पण उपाय उलटा असतो. या दिवसांत तो वाढायचा थांबतो, जुनी पानं पिवळी करून टाकतो. लोक ताक वाढवतात, पाणी वाढवतात. वाढ थांबलेल्या झाडाला जादा पाणी म्हणजे जुलैचीच गोष्ट पुन्हा. पाणी निम्मं करा, शेंडे फेब्रुवारीत छाटा, तोवर शेजारणीकडून कढीपत्ता मागा.

मार्च-एप्रिल: लाल पालवी आणि जळके काठ

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुसुमाची झाडं या दिवसांत लालबुंद नव्या पानांनी भरतात. पिंपळ तांबूस गुलाबी, आंब्याची पालवी तांब्याच्या भांड्यासारखी. चैत्रपालवी आपण कौतुकाने म्हणतो, पण तीच कुंडीतल्या आंब्याच्या रोपाला आली की ग्रुपवर फोटो! आमच्या वरच्या काकूंनी एकदा अशा पालवीवर कीटकनाशक मारलं आणि ती खरोखरच जळली. कोवळ्या पानात लवकं अजून बांधकामात असतात, चकत्या पुरत्या रचलेल्या नसतात, आणि तोवर रिक्तिकेतलं लाल अस्तर ऊन अडवतं. दोन-तीन आठवड्यांत पान जाड होतं, आपोआप हिरवं होतं. पान लोंबकळतंय, मऊ आहे, लाल आहे, तर ते बाळ आहे. हात लावू नका.

पानांचे काठ मात्र तपकिरी होत असतील तर पाणी तपासा. एप्रिल-मेमध्ये तलावांतलं पाणी कपातीत गेलं की बऱ्याच सोसायट्यांत बागेला बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी सुरू होतं. त्यातले क्षार पानाच्या कडेला साठत जातात, कारण पाणी तिथून उडून जातं. पंधरा दिवसांतून एकदा कुंडीतून गोड्या पाण्याची एक बादली सावकाश निथळू द्या. पान उलटं करून बघितल्यावर बारीक जाळी आणि वर फिक्या ठिपक्यांची रांगोळी असेल तर तो लाल कोळी, एकेका पेशीला टोचून आतली लवकं शोषून घेतो. रोज पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, आठवडाभर. कडुलिंबाचं तेल चालतं, पण संध्याकाळी. दुपारी मारलंत तर परत ऑक्टोबरच्या भागावर या.

आता एक विनंती. ग्रुपवर फोटो टाकताना सोबत एवढं लिहा: बाल्कनी कुठल्या दिशेची, पिवळी पानं खालची की शेंड्याची, शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या, पिवळेपणा सरसकट की डागांचा, बोट खुपसल्यावर माती ओली की सुकी, आणि गेल्या महिन्यात काय काय घातलंत. शेवटचं खरं खरं लिहा, ताकासकट.